उचल घेऊन निघू नये

अब्बा हजला निघाले त्या वर्षी मी नववीत होतो. तेव्हा मुंबईहून जहाजानं जायचे. निघण्याच्या पंधरा दिवस आधी त्यांनी एक जुनी वही काढली आणि मला सायकलवर मागे बसवून अख्खं कोल्हापूर फिरवलं. लक्ष्मीपुरीतल्या धान्यवाल्याची उधारी, शिंप्याचे राहिलेले पैसे, दूधवाल्याचा महिना. प्रत्येक ठिकाणी पैसे चुकते केले की ते विचारायचे, "अजून काही राहिलंय का? वही बघून सांगा." शेवटी अम्मीच्या हातात तीन महिन्यांचा घरखर्च मोजून ठेवला आणि मग दुआ मागून निघाले.

हज कुणावर फर्ज आहे, हे आपल्या घरांत पोरांनाही माहीत असतं. ज्याच्याकडे जाण्यायेण्याचा खर्च आहे आणि मागे राहिलेल्यांच्या पोटापाण्याची सोयही आहे, त्याच्यावर. लांबच्या प्रवासाचा पहिला कागद तिकीट नसतो, हिशेबाची वही असते, हे मी त्या सायकलवर शिकलो. चव्वेचाळीस वर्षांनी ती शिकवण पुन्हा कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

येत्या मे अखेरीस मी शाळेतून निवृत्त होतोय. त्यानंतर मी आणि माझी पत्नी, दोघांनी गाडीत राहायचं ठरवलंय. आठ दिवसांच्या सहलीसाठी नाही, कायमचंच. मोठी व्हॅन घ्यायची, आत झोपायची जागा, छोटा ओटा, पाण्याची टाकी बसवायची आणि गावोगाव फिरत राहायचं. परदेशात अशी राहणारी माणसं पुष्कळ आहेत. आपल्याकडेही तरुण मंडळी व्हिडिओ टाकत असतात. नातेवाइकांना सांगितलं तेव्हा कुणी हसलं, कुणी "आधी काश्मीर करा" म्हणालं. बऱ्याच जणांनी एकच वाक्य ऐकवलं: "बरं आहे, घराचा खर्च वाचेल तुमचा."

हे वाक्य खरं आहे का, हे तपासायला आम्ही दोनशे पानी वही घातली. सहा महिने रोजचा खर्च लिहिला. दर महिन्याच्या शेवटी तो तीन रकान्यांत वाटला. पहिला भिंतींचा, दुसरा शरीराचा, तिसरा माणसांचा.

भिंतींचा म्हणजे घर उभं आहे म्हणून होणारा खर्च: घरफाळा, पाणीपट्टी, वीज, इंटरनेट, डागडुजी, भांडीवाल्या मावशी. शरीराचा म्हणजे आम्ही दोघं जिथे असू तिथे होणारच असा: खाणं, दूध, गॅस, कपडे, औषधं, फोन, पेट्रोल. आणि माणसांचा म्हणजे अम्मीची औषधं, भाचीच्या नर्सिंगच्या फीमधला आमचा वाटा, लग्नाकार्यातले आहेर, ईद, कुर्बानी, जकातीचा महिन्याकाठी बाजूला काढलेला भाग, मोहल्ल्यात कुणाचं काही झालं तर द्यावे लागणारे पैसे.

सहा महिन्यांची सरासरी निघाली 38,400 रुपये. त्यात शरीराचे 18,500, माणसांचे 13,700 आणि भिंतींचे फक्त 6,200.

हा आकडा बघून आम्ही दोघंही गप्प बसलो. घर सोडलं की वाचणार ते या 6,200 मधूनच. तेही सगळे नाहीत. घराला कुलूप लावलं तरी घरफाळा येतोच, विजेच्या बिलातला स्थिर आकार येतोच, महिन्यातून एकदा कुणाला तरी झाडलोट करायला सांगावं लागतं. हे 2,300 धरले, तर सुटतात 3,900. ज्या खर्चापासून सुटका होणार म्हणून सगळे आमचं अभिनंदन करत होते, तो एवढाच होता.

आता गाडीची बाजू. महिन्याला हजार किलोमीटर धरले आणि गाडीनं लिटरला दहा दिले, तर शंभर लिटर डिझेल, म्हणजे 9,000 रुपयांच्या आसपास. विमा, कर, सर्व्हिसिंग, टायर यांचा महिन्याचा वाटा 4,500. महिन्यातल्या दहा रात्री पैसे देऊन सुरक्षित जागी उभं राहायचं म्हटलं तर 3,000. धुणं, पिण्याचं पाणी, टोल मिळून 1,500. झाले 18,000. म्हणजे घरचे 3,900 वाचवून आम्ही रस्त्यावर 18,000 घालवणार.

त्या दहा रात्रींच्या पैशांविषयी थोडं सांगायला हवं. मी आधी शून्य लिहिलं होतं. म्हटलं, पेट्रोल पंपावर, धाब्यावर, देवळाच्या पटांगणाशेजारी उभं राहू, कोण नाही म्हणणार? पत्नीनं वही हातात घेतली आणि विचारलं, "रात्री अनोळखी गावात गाडी थांबवली, चार पोरं आली आणि नाव विचारलं, तर तुम्ही काय सांगणार?" मी म्हटलं, खरं नाव सांगणार. ती म्हणाली, "मग पैसे देऊन थांबायची सोय वहीत लिहा." मी लिहिली. माझा अनुभव असा की या राज्यात चांगली माणसं जास्त भेटतात. पण घरखर्चाची वही भरवशावर चालत नाही, वाईट दिवसासाठीही तिच्यात एक ओळ लागते. आमच्यासारख्यांच्या वहीत ती थोडी मोठी असते, इतकंच.

मग आम्ही एक प्रयोग केला. रमजान सोडून एक महिना निवडला आणि आपल्याच घरात, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत गाडीत राहिल्यासारखे राहिलो. पाच किलोचा छोटा सिलिंडर, एकच शेगडी, दिवसाला साठ लिटर पाणी, दोघांचे कपडे एका पेटीत, आणि किराणा मावेल तेवढाच, एका फळीवर. पाणी पुरलं. कपडेही पुरले. किराणा मात्र महाग पडला, जवळजवळ 2,000 रुपयांनी.

कारण शोधायला वेळ लागला नाही. आपल्या कोल्हापुरी घरांची काटकसर बेगमीवर उभी असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची घेऊन वर्षाची चटणी करायची, नवा गहू-तांदूळ आला की पोतं भरायचं, तेलाचा पंधरा किलोचा डबा आणायचा. हे स्वस्त पडतं, कारण आपल्याकडे ठेवायला जागा आहे आणि एकदम द्यायला पैसे आहेत. खोलीतल्या त्या महिन्यात आम्ही तेल अर्ध्या लिटरच्या पिशवीतून, डाळ पाव किलोनं आणि चटणी पुड्यांतून घेतली. तीच वस्तू, तेच दुकान, दर मात्र वेगळा. ज्याला साठवता येत नाही, तो प्रत्येक घास थोडा महाग खातो.

हे कळलं आणि मला आमच्या शाळेजवळच्या दुकानातली गर्दी आठवली.

माझी शाळा ऊसपट्ट्यात आहे. दिवाळी झाली की बीडकडच्या टोळ्या येतात, गावाबाहेरच्या माळावर कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे एक कोयता म्हणतात. चार-पाच महिने हे कोयते आपल्या जिल्ह्यात राहतात. घर सोडून, संसार गाडीवर घालून, फड बदलला की तळ बदलून. चाकावरचं घर पाहायला मी परदेशातले व्हिडिओ बघत बसलो होतो. ते दरवर्षी माझ्या वर्गाच्या खिडकीतून दिसत होतं आणि त्यातली पोरं माझ्याच वर्गात येऊन बसत होती, काही दिवस तरी.

संध्याकाळी दुकानात दहा-वीस रुपयांच्या तेलाच्या पुड्या घेणाऱ्या बायका मी पंचवीस वर्षं पाहिल्या. त्यांना हिशेब कळत नाही, असं मनातल्या मनात म्हणायचोही. यंदा त्यांच्यापैकी एकीला, माझ्या वर्गातल्या मुलाच्या आईला, मी महिन्याचा खर्च कसा चालवता म्हणून विचारलं. तिनं वही न बघता सगळं सांगितलं.

येताना घरून ज्वारीची दोन पोती आणलेली, म्हणजे बेगमी तिचीही होतीच, गाडीवर मावेल तेवढी. गावाकडे सासू-सासरे आणि थोरली मुलगी, त्यांची चूल वेगळी. इथली चूल वेगळी. आठवड्याच्या बाजाराला मुकादमाकडून खर्ची मिळते, ती पुढे हिशेबातून कापली जाते. हातात रोख पैसा येतो तो वाढ्यांचा. उसाचे शेंडे वैरण म्हणून इथल्या म्हैसवाल्यांना विकायचे आणि त्यातून तेल-मीठ-साबण आणायचं. आणि या सगळ्याच्या वर उचल. दसऱ्याच्या आधी मुकादमाकडून घेतलेली, जोडीमागे लाखाच्या घरात. ती घरदुरुस्तीत, दवाखान्यात, आधीच्या देण्यात निघण्यापूर्वीच संपलेली.

मी घरी येऊन तिचा हिशेब आमच्याच वहीत मांडला. 2024 च्या जानेवारीत ऊसतोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि दर टनाला 366 रुपयांच्या आसपास गेला. दोघांनी मिळून दिवसाला दोन टन तोडला तर 732 रुपये. लाखाची उचल फेडायला 137 दिवस लागतात, तेही एकही खाडा न होता आणि खर्चीचा एकही रुपया न कापता. हंगाम तेवढाच असतो. म्हणजे हंगाम संपतो तेव्हा हात मोकळे असले तर नशीब, आणि बहुतेकदा पुढच्या वर्षीचं देणं अंगावर घेऊनच गाडी परत फिरते.

तिच्या वहीत भिंतींचा रकाना जवळजवळ शून्य आहे, हे पाहा. घरफाळा नाही, विजेचं बिल नाही, मावशी नाहीत. घर सोडल्यानं पैसे वाचत असते, तर आपल्या जिल्ह्यात सर्वांत श्रीमंत तीच असती. तिला मी आमच्या बेताविषयीही सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "सर, आमचं घर चाकावरच हाय की. पर चाकं आमची न्हाईत."

हे वाक्य माझ्या डोक्यात घोळत असतानाच गाडीचा प्रश्न आला. नवी व्हॅन आणि आतलं काम मिळून 18 लाख. उपदानाची रक्कम आणि शिल्लक मिळून आमच्याकडे दहा लाख. उरलेल्या आठ लाखांचं कर्ज द्यायला एक प्रतिनिधी घरी आला. पेन्शनवर सहज मिळेल, सात वर्षांत फिटेल, महिन्याला तेरा हजारांच्या वर थोडे. मी कागदावर मांडलं. 84 हप्ते म्हणजे अकरा लाखांच्या पुढे, आठ लाख घेऊन तीन लाखांहून जास्त व्याज. व्याजाचा प्रश्न आमच्या घरात वेगळ्या कारणानंही येतो, पण तो क्षणभर बाजूला ठेवू. नुसता व्यवहार पाहिला तरी दिसत होतं की पुढची सात वर्षं आमची गाडी कुठे जाईल हे आम्ही ठरवणार नाही, हप्ता ठरवणार. माणूस गेल्यावर पत्नीनं वहीच्या कोपऱ्यात एकच शब्द लिहिला: उचल.

मी नाही म्हणायचा प्रयत्न केला. पेन्शन दर महिन्याला येते, ऊस दर महिन्याला येत नाही, दोन्हींत फरक आहे. फरक आहेच. पण निघण्याआधी खर्च झालेला पैसा रस्त्यावर राबून फेडायचा, ही रीत दोन्हीकडे एकच आहे. एकाला मुकादम हाक मारतो, दुसऱ्याला बँकेचा मेसेज येतो.

म्हणून आता माझं मत स्पष्ट आहे, आणि अशा जगण्याची स्वप्नं बघणाऱ्या प्रत्येकाला, निवृत्ताला आणि तरुणालाही, ते सांगावंसं वाटतं. चाकावरचं घर स्वस्त नसतं. ते मोकळं असू शकतं, पण शिल्लक ठेवून निघालेल्यासाठीच. उचल घेऊन निघालेल्याचं घर कितीही फिरलं तरी ते बांधलेलंच असतं.

यातून आमच्यापुरते काही निर्णय निघाले. नव्या गाडीचा नाद सोडला. हातातल्या पैशांत बसेल अशी जुनी व्हॅन घेणार, सात लाखांपर्यंत, म्हणजे तीन लाख गाठीला राहतात. ते सहा महिन्यांच्या संकटाचे पैसे, त्यांना हात लावायचा नाही. जुन्या गाडीतही कागद आधी, गादी नंतर. एका कारागिरानं सांगितलं, "सीट काढून बेड टाकू, कागदाचं मग बघू." मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. नोंद नसलेल्या बदलावर अपघातात विमा अडला तर सगळी शिल्लक एका दिवसात जाईल. परिवहन कार्यालयाची मंजुरी घेऊनच काम करायचं, उशीर झाला तरी चालेल.

वरचा मजला कुलूप न लावता भाड्यानं देणार. भाडं 9,000, पेन्शन 46,000, मिळून 55,000. खर्च 38,400 मधून 3,900 वजा, त्यात गाडीचे 18,000 आणि बेगमी नसल्याचे 2,000 मिळवले की 54,500. शिल्लक पाचशे रुपये. एवढ्या बारीक काठावर संसार चालत नाही. म्हणून हजार किलोमीटरचे पाचशे केले, डिझेलचे साडेचार हजार वाचले. एका गावात दोन दिवसांऐवजी दहा दिवस राहायचं. रस्त्यावर पळणं महाग असतं, थांबणं स्वस्त. आणि पत्ता सोडायचा नाही. खाली भाऊ आणि अम्मी आहेत, तोच पत्ता आधारवर, बँकेत, मतदार यादीत राहील. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, तेव्हा महिनाभर कोल्हापुरातच राहायचं, म्हणजे चटणीही घेऊन निघता येईल.

माणसांच्या रकान्याला मात्र हात लावला नाही. खर्च कमी करायचा म्हटलं की पहिली कात्री तिथेच लागते, आणि प्रवासाला निघालेल्याला सबबही आयती मिळते: "आम्ही इथे नव्हतो." अम्मीची औषधं, भाचीची फी, जकात हे आम्ही कुठे आहोत यावर अवलंबून नाहीत. अब्बांनी निघताना मागच्यांचा खर्च आधी मोजला होता, स्वतःचं सामान नंतर बांधलं होतं. आम्हीही 13,700 तसेच ठेवलेत. आणि दरवर्षी एक महिना अम्मीजवळ, हे भावाला कबूल केलंय.

एक गोष्ट राहिली, ती सरकारला उद्देशून. 2021 साली आपल्या राज्यानं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या उभ्या करायला जागा, तिथे पाणी, वीज, स्वच्छतागृह असावं, असा त्यातला विचार. चांगलाच आहे, आमच्यासारख्यांना उपयोगीही पडेल. पण दरवर्षी संसार गाडीवर घालून या राज्यात लाखो लोक फिरतात, त्यांच्या तळावर रात्री उजेड नसतो, बायकांना अंधारात उसात जावं लागतं. पाणी, उजेड, आडोसा. माझ्या व्हॅनला जे लागतं तेच त्या कोपीला लागतं. एकाला आपण पर्यटक म्हणतो आणि त्याची सोय बघतो, दुसऱ्याला मजूर म्हणतो आणि हंगाम संपायची वाट बघतो. ऊस ज्या जिल्ह्याची श्रीमंती आहे, त्या जिल्ह्यानं तरी कारखान्यांकडून आणि शासनाकडून या तळांची सोय मागून घ्यायला हवी.

कुरआनात जकातीचे आठ हक्कदार सांगितलेत. त्यांतला एक वाटसरू आहे. गावी त्याचं घरदार असलं तरी वाटेत हात रिकामा झाला की त्याचा हक्क लागू होतो. लहानपणी मला हे कळायचं नाही, घरदार असलेल्याला जकात कशाला? आता वही लिहिल्यावर कळतं. घरापासून लांब असलेल्याकडे बेगमी नसते, ओळखीचा दुकानदार नसतो, उधारी नसते. त्याचा रुपया घरातल्या रुपयापेक्षा लहान असतो.

मे महिन्याला अजून वेळ आहे. गाडी मिळाली तर पावसाळ्यानंतर निघू, नाही मिळाली तर पुढच्या वर्षी. काल पत्नीनं वहीत माणसांच्या रकान्यात एक नवी ओळ घातली, महिना पाचशे रुपयांची, आणि समोर लिहिलं, "वाटेत भेटेल त्याच्यासाठी." मी बेरीज पुन्हा केली. बसते.